निम्म्या किमतीचे विणकाम यंत्र

मी एक जुने विणकाम यंत्र आहे, मित्रांनो. माझ्यात एका ओळीत दोनशे सुया आहेत, तेव्हा बोलता बोलता कुठे टोचले तर मनावर घेऊ नका. दिसायला मी साधेच आहे. पत्र्याची एक लांबट पेटी, तिच्यात शेजारी शेजारी बसलेल्या सुया आणि त्यांच्यावरून इकडून तिकडे सरकणारा एक जड ठोकळा. त्या ठोकळ्याला कॅरेज म्हणतात. कॅरेजमध्ये धागा ओवायचा, तिची मूठ धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची, की विणीची अख्खी ओळ तयार होते. हाताने तेवढी ओळ विणेपर्यंत चहा गार होतो. मला वीज लागत नाही. चालवणाऱ्याचा हात तेवढा लागतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझी पहिली मालकीण तिकडचीच एक शिंपीण होती. शाळेचे स्वेटर विणून देणे हा तिचा धंदा. थंडी तोंडावर आली की तिच्या दारात मुलांच्या आया रांग लावायच्या आणि आम्हा दोघांना डोके वर काढायला फुरसत नसायची. बाई कामाची चोख होती. संध्याकाळी काम आटोपले की ती कॅरेज काढून ठेवायची, सुयांत अडकलेली लोकरीची कुसे ब्रशने झाडायची, तेलाचे बोट फिरवायची आणि जुन्या चादरीने मला झाकायची. माझे कौतुक मात्र तिने कधी भरभरून केले नाही. एखादी आई म्हणाली, "काय सुरेख वीण आहे हो तुमची," तर मान वर न करता ती म्हणायची, "यंत्र चांगलं आहे." तेवढ्यानेही मी दिवसभर फुशारून असायचे.

पुढे तिचे डोळे अधू झाले आणि धंदा बंद पडला. तिने मला नीट पुसून पलंगाखाली ठेवले. तिथे मी वर्षानुवर्षे पडून राहिले. मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्राचे एक गुपित असते. सुया जागच्या जागी दाबून धरायला आमच्या आत स्पंजची एक लांब पट्टी बसवलेली असते. यंत्र पडून राहिले की तो स्पंज हळूहळू कुजतो, चिकट होतो आणि त्याचा काळा राडा होऊन बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मला आतून सगळे कळत होते, पण आम्हाला तोंड कुठे असते?

शिंपीण गेल्यावर तिच्या पुतण्याने घर रिकामे करायला घेतले. जुन्या वस्तूंचे फोटो काढून इंटरनेटवर विकणे हा त्याचा उद्योगच होता. त्याने मला टेबलावर ठेवले, धूळ फुंकली, धागा न ओवताच कॅरेज एकदा सरकवून बघितली. ती सरकली. त्याने फोटोखाली लिहून टाकले, 'उत्तम चालू स्थितीत'. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. रिकाम्या कढईत काही करपत नाही, तसलीच ती परीक्षा होती.

आता माझी दुसरी मालकीण. ती माझ्यापासून एका समुद्राच्या आणि तीन देशांच्या अंतरावर एका औषधाच्या दुकानात कामाला होती. दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापायच्या, बाटल्या खाली काढायच्या, पिशव्या भरायच्या. घरी आली की पायावर पाणी घेऊन ती विणायला बसायची. लोक थकले की आडवे होतात, ही बाई थकली की विणायची. नवऱ्याचे मफलर, सासूचे मोजे, शेजारच्या तान्ह्या बाळाची टोपी, असे काही ना काही तिच्या सुयांवर कायम असायचे. पण उजव्या हाताचा अंगठा बुडापाशी दुखू लागला. आधी तिने तेल लावून पाहिले, मग फडके बांधून पाहिले. शेवटी डॉक्टरांनी अंगठा वळवून बघितला तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली.

डॉक्टर म्हणाले, "दुकानातलं काम सुटणार नाही, ते मला कळतं. पण विणणं तरी थांबवा. अंगठ्याला आराम दिला तर तो निभावून नेईल. नाही दिला तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि नंतर तो पहिल्यासारखा चालेलच असं मी सांगू शकत नाही."

हे सगळे मला नंतर कळले. भिंतीलाही कान असतात म्हणतात, आणि मी त्या घरात भिंतीला टेकूनच असते. तिने सुया कपाटात ठेवल्या. त्यानंतर घरात बसल्या बसल्या ती उशीच्या अभ्र्याची कड बोटांनी चाळवत राहायची. नवऱ्याला ते बघवेना. तो शाळेची व्हॅन चालवायचा. मुलांना सोडून शाळा सुटेपर्यंत व्हॅनमध्येच बसून फोन बघण्याची त्याला सवय होती. त्या फोनवर त्याला एक दिवस मी दिसले.

"अगं, हे बघ," संध्याकाळी तो म्हणाला, "यात अंगठ्याचं कामच नाही. नुसती मूठ धरायची आणि सरकवायची. आपल्याकडे नवीन मिळतच नाही, आणि हे किती स्वस्त आहे बघ."

तिने फोटो मोठा करून बघितला. नंतर पुन्हा बघितला. माझ्याकडे कोणी असे बघून किती काळ लोटला होता!

माझी किंमत खरोखर स्वस्त होती. पण तिच्याखाली बारीक अक्षरांत वाहतुकीचा खर्च लिहिला होता, तो माझ्या किमतीहून जास्त होता. मी पडले लोखंडाचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसे झाले. नवरा थोडा थबकला. मग त्याला एक युक्ती सुचली, आणि ती समजण्यासाठी तुम्हाला त्या घराची रीत ठाऊक हवी.

त्या घरात कोणतीही वस्तू आली की तिची खरी किंमत सांगायची नाही, निम्मी सांगायची, असा शिरस्ता होता. तो सासूबाईंनीच पाडला होता. सासरे हयात असताना त्यांच्या रागाला भिऊन सासूबाई चपलांपासून पडद्यांपर्यंत सगळ्याची निम्मी किंमत सांगायच्या. सासरे गेले, पण रीत राहिली. आता मुलगा आणि सून सासूबाईंना निम्मी किंमत सांगायचे. सासूबाई ती मनातल्या मनात दुप्पट करायच्या आणि वर म्हणायच्या, "स्वस्तात मिळालं हो!" कोणीच फसत नव्हते आणि सगळे खूश होते. वस्तूवरची किमतीची चिठ्ठी दाराबाहेरच नखाने खरवडून काढायची सवय त्या घरात सगळ्यांना होती.

तेव्हा नवऱ्याने विक्रेत्याला लिहिले, की खोक्यावर माझी किंमत निम्म्याहूनही कमी टाका, म्हणजे इकडे कर कमी बसेल. त्याच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. घरी जे करतात तेच तो जगाशी करत होता. पुतण्याने उत्तर पाठवले, 'तुमची मर्जी', आणि हाताला येईल तो आकडा लिहून मला बोटीवर चढवले.

मी उतरले ते थेट परदेशी मालाच्या गोदामात. तिथे सामान तपासणारे एक साहेब होते. त्यांनी खोके उचलून बघितले, खोक्यावरची किंमत वाचली आणि पुन्हा उचलून बघितले. मग खोके बाजूला ठेवून दिले. नवऱ्याला बोलावणे गेले. पण गोदाम दूर बंदरावर, शाळा सुटायच्या आत जाऊन परत येणे जमणार कसे? तो शाळेला सुट्टी पडण्याची वाट बघत राहिला आणि तिथे माझ्या जागेचे भाडे रोजच्या रोज चढत राहिले. शेवटी तो आला तेव्हा त्याच्या समोरच खोके उघडले.

"ही किंमत कोणी लिहिली?" साहेबांनी विचारले.

"विकणाऱ्याने. जुनं आहे हो साहेब, भंगारच समजा."

"भंगारासाठी एवढं भाडं कोण भरतं? हेच यंत्र बाजारात काय किमतीला जातं, ते आम्हालाही फोनवर दिसतं."

साहेबांनी त्यांना योग्य वाटली ती किंमत धरून कर लावला, खोटा आकडा लिहिल्याबद्दल दंड लावला आणि जागेचे भाडे वर. साहेब रागावले नव्हते. जेवणाच्या सुट्टीआधीचे एक काम उरकावे तसे त्यांनी ते उरकले. मग तिथल्या माणसाने मला खोक्यात परत भरले. शिंपिणीच्या पुतण्याने निदान जुने टॉवेल गुंडाळले होते. या माणसाने टॉवेल खोक्याच्या तळाशी कोंबले, मला वर ठेवले आणि झाकणावर गुडघा देऊन चिकटपट्टी मारली.

घरी पोहोचवणाऱ्या टेम्पोत मी चांगलेच आपटले. तिसऱ्या मजल्यावर खोके उघडले तेव्हा कॅरेजची मूठ तुटलेली होती. मुठीच्या जागी बोटभर उंचीचे एक खुंट तेवढे उरले होते.

नवऱ्याने लगेच वाहतूकवाल्यांच्या कचेरीत फोन लावला. फोनवरच्या मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "भरपाई मिळेल ना, सर. तुम्ही खोक्यावर जी किंमत लिहिली आहे, तिच्या हिशोबाने मिळेल."

"अहो, पण खरी किंमत वेगळी आहे."

"मग खरी का नाही लिहिली?"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. भरपाई म्हणून जे आले, त्यात त्याला जेमतेम एकदा केस कापून घेता आले असते. रात्री जेवताना बायकोने विचारले, "कर फार बसला का हो?" तेव्हा त्याने खऱ्या रकमेच्या निम्मी सांगितली. आतापर्यंत निम्मी किंमत फक्त सासूबाईंसाठी होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा नवरा-बायकोच्या मध्ये येऊन बसली. त्याची कमाई आधीच ताणलेली होती. त्याने व्हॅनचा विमा पुढच्या महिन्यावर ढकलला आणि तेही घरी सांगितले नाही.

मालकिणीने मला खिडकीजवळच्या टेबलावर बसवले, पाय धुऊन आली, आणि कपाटातली सगळी लोकर जमिनीवर मांडली. वर्षानुवर्षे जमवलेली लोकर होती ती. लाल, राखाडी, पिवळी, एकाहून एक सुंदर. तिने लाल धागा ओवला आणि खुंटाला अंगठा लावून कॅरेज ढकलली. कॅरेज मध्येच अडकली. पुन्हा ढकलली, तर टाके पटापट गळून खाली पडले. मला तेव्हा किती शरम वाटली, ते कसे सांगू? पाहुण्यांसमोर पोरगे अडखळावे तसे झाले. त्यात ती लोकर माझ्या सुयांना जाड होती. माझ्या सुया बारीक, त्यांना बारीक धागाच लागतो. इतक्या वर्षांच्या लोकरीतला एकही गुंडा माझ्या कामाचा नव्हता.

ती रडली नाही. पण बराच वेळ लाल लोकर मांडीवर घेऊन बसली. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय गं, चालतंय का?"

"चालेल, आई. जरा सवय व्हायला हवी."

दुसऱ्या दिवशी तिने मला पालथे केले आणि आतली पट्टी ओढून काढली. काळा, चिकट राडा तिच्या हाताला लागला. नवी पट्टी कुठे मिळते ते तिने शोधले. ती मिळत होती समुद्रापलीकडेच, एका दुकानात. पट्टी स्वस्त, टपाल महाग. मूठ तर त्यांच्याकडे नव्हतीच. वाकलेल्या सुया बदलायच्या होत्या, त्याही तिकडूनच. बारीक लोकर मोठ्या कोनावर, म्हणजे पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळून यायची, आणि एक कोन विकत नसत, पेटीच घ्यावी लागायची. बघा, मित्रांनो, मला आणले एकदाच, पण माझ्यामागून माझा सगळा गोतावळा येऊ लागला आणि प्रत्येकाचे भाडे वेगळे.

नवऱ्याने विचारले, "किती लागतील?"

तिने निम्मे सांगितले. त्याचा चेहरा कराच्या दिवसापासून उतरलेला तिला दिसत होता. उरलेल्या निम्म्यासाठी तिने दुकानाच्या मालकाकडे जादा काम मागितले. मालकाचे गोदाम होते. तिथे सुट्टीच्या दिवशी औषधांची पुठ्ठ्याची खोकी बांधायची असायची. हातात चिकटपट्टीचे यंत्र धरायचे, अंगठ्याने दाबून पट्टी ओढायची, तोडायची, पुन्हा दाबायची. खोक्यामागून खोके. घरी सांगितले, की दुकानात माल मोजायचा आहे.

आता तुम्हीच बघा. अंगठ्याला आराम मिळावा म्हणून मला आणले. आणि मला चालू करायला ती अंगठ्यानेच पैसे मिळवू लागली. गोदामातून आली की उजवा हात पाठीमागे धरून जिना चढायची. जिन्याचा कठडा उजवीकडे होता, तरी ती डाव्या हाताने भिंत धरून यायची. घरात कोणाच्या ते लक्षात आले नाही. माझ्या आले. तिने माझ्यावर हात ठेवला, की तो हात केवढा गरम असतो ते मला रोज कळत होते.

पट्टी आली, सुया आल्या, बारीक लोकरीची पेटी आली. तिने सगळे आपल्या हाताने बसवले. वाळलेले तेल पुसून नवे घातले. करड्या रंगाचा धागा ओवला आणि खुंट ढकलले. कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन गेली. एकही टाका गळला नाही. पुन्हा ढकलली. पुन्हा. वीण खाली उतरू लागली, सरळ, सारखी, शिंपिणीच्या वेळी उतरायची तशी. मालकीण हसली. त्या घरात आल्यापासून तिचे हसणे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. खोटे कशाला बोलू, त्या क्षणी मी तिचा अंगठा विसरून गेले. बऱ्याच वर्षांनी कामाला लागलेल्याला दुसरे काही सुचत नाही.

सासूबाई उठून आल्या, चष्मा पुसला आणि विणीवरून हात फिरवला. "यंत्राने विणलंय असं वाटत नाही गं," त्या म्हणाल्या. "मला एक बंडी होईल यात. बाहीची नको, नुसती बंडी."

"करते ना, आई."

नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "सार्थक झालं बघ पैशांचं." आणि दोघे एकमेकांकडे न बघता हसले. त्याला वाटत होते, तिला खरा आकडा माहीत नाही. तिला वाटत होते, त्याला माहीत नाही. मला दोन्ही आकडे माहीत होते, आणि मी करडी वीण उतरवत होते.

बंडीची पाठ पूर्ण झाली. पुढचा भाग निम्मा झाला. त्या सुमारास ती संध्याकाळी कामाला बसताना अंगठ्याभोवती फडके गुंडाळू लागली. मूठ असती तर तळव्याने ढकलता आले असते. खुंटाला मात्र अंगठ्याचाच रेटा द्यावा लागायचा. दर ओळीला तिचा श्वास एकदा अडकायचा. नवऱ्याने एकदा विचारलेही, "हात दुखतोय का?" ती म्हणाली, "काही नाही हो." आणि तो व्हॅनचे टायर बघायला खाली गेला.

मग एका सकाळी दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला खोकल्याच्या औषधाचे झाकण उघडून द्यायला सांगितले. तिने बाटली धरली, आणि अंगठा वाकला तो सरळच होईना. बाटली फुटली. मालकाने तिला खुर्चीवर बसवले आणि नवऱ्याला फोन केला. डॉक्टरांनी अंगठा बघून एकच विचारले, "आरामच करत होता ना तुम्ही?"

नवरा घाईघाईने म्हणाला, "हो डॉक्टर, विणणं तर कधीच बंद केलंय. यंत्रावर करते."

तिने मान खाली घातली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली.

त्या संध्याकाळी तिघे टेबलाशी बसले होते. तिचा हात मनगटापासून फळीला बांधलेला, आणि शेजारी मी, निम्मी बंडी लोंबत असलेले. शस्त्रक्रियेला पैसे किती लागतील यावर बोलणे आले आणि नवऱ्याने सवयीने आईला निम्मा आकडा सांगितला.

सासूबाईंनी या वेळी "स्वस्तात होतंय हो" म्हटले नाही. त्या सुनेच्या हाताकडे बघत होत्या. "खरं सांग," त्या म्हणाल्या. "पुरं सांग."

त्याने पूर्ण सांगितले.

"आणि या यंत्राचं?"

त्याने तेही सांगितले. कर, दंड, जागेचे भाडे, पुढे ढकललेला विमा, सगळे. बायको त्याच्याकडे बघतच राहिली.

"आता तू सांग," सासूबाई सुनेला म्हणाल्या.

मग तिने पट्टी, सुया आणि लोकर यांचा आकडा सांगितला. "आणि माल मोजायला नव्हते जात मी," ती म्हणाली, "गोदामात खोकी बांधायला जात होते."

नवरा उठून खिडकीपाशी गेला. तिकडूनच म्हणाला, "मला सांगायचं होतंस गं."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

सासूबाईंनी बांधलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. "ही खोड माझी," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबांना निम्मं सांगायचे, तेव्हा उरलेलं निम्मं मी माझ्या पोटातून काढायचे. एक वेळ जेवले नाही तरी कोणी विचारत नव्हतं. तुला निम्मं सांगताना ऐकलं, तेव्हा मला वाटलं पोर शहाणी आहे, माझ्यासारखी. उरलेलं कुठून काढतेस ते मी एकदाही विचारलं नाही गं." आणि त्या रडू लागल्या. मी इतकी वर्षे माणसांत काढली, पण म्हाताऱ्या माणसाचे असे रडणे त्या दिवशी प्रथम ऐकले.

शस्त्रक्रिया झाली. अंगठा आता पुष्कळ सुधारला आहे. ती कप धरते, किल्ली फिरवते, शर्टाचे बटण लावते. दुकानात तिला औषधांच्या पट्ट्या कापायचे काम नाही, ती गल्ल्यावर बसते. पण हाताने विणायच्या सुया तिला पुन्हा धरता आल्या नाहीत. दोन-तीन वेळा तिने दार लावून धरून बघितल्या. नंतर त्या सुया आणि ती सगळी जाड लोकर शेजारणीला देऊन टाकली. देताना ती हसत होती, आणि दार लावून आत आल्यावर बराच वेळ माझ्यापाशी उभी राहिली. माझ्यावर तिने राग काढला असता तर मला बरे वाटले असते.

मला मात्र त्यांनी विकले नाही. नवऱ्याने माझ्यासाठी लाकडाची एक मूठ तासून बसवली आहे. ती जरा वाकडी आहे, पण पकड चांगली आहे. सुट्टीच्या दिवशी तो माझ्यापुढे बसतो आणि कॅरेज सरकवतो. ती शेजारी बसून डाव्या हाताने धागा सोडते आणि त्याला ओरडते. "अहो, हळू! व्हॅन आहे का ती?" तो टाके गाळतो, ती उसवायला लावते, सासूबाई सोफ्यावरून दोघांनाही सूचना करतात. बंडी पुरी झाली. एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे. सासूबाई ती रोज घालतात आणि कोणी विचारले तर माझी पूर्ण किंमत सांगतात. शस्त्रक्रिया धरून सांगतात. ऐकणारा म्हणतो, "एवढी महाग बंडी?" त्या म्हणतात, "हो. महागच आहे."

मित्रांनो, मी काही फार शिकलेले नाही. पण एक विनंती करते. माझ्यासारखे कोणी तुम्हाला दूरदेशाहून स्वस्तात बोलावून घ्यावेसे वाटले, तर जरूर बोलवा. आम्हालाही पलंगाखाली पडून राहण्यापेक्षा काम आवडते. मात्र आधी विचारून घ्या, की आम्हाला आत काय झाले आहे, आम्ही मोडलो तर दुरुस्त कोण करील, आणि आमच्यामागून आणखी काय काय येणार आहे. किंमत लिहायची ती खरी लिहा. आम्हाला कोरड्या जागी ठेवा, तेल द्या, झाकून ठेवा.

आणि आमची काळजी घेताना एवढे करा. घरात कोणी हात पाठीमागे धरून जिना चढत असेल आणि विचारल्यावर "काही नाही" म्हणत असेल, तर तेवढ्यावर टायर बघायला खाली जाऊ नका. जवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा. मला तोंड नव्हते म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला आहे.